गाडी मिसिंग मारतेय? प्लग आणि कॉइल बदलण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या मालकांकडून हे प्रश्न वर्षभर येतात, पावसाळा लागला की जरा जास्तच. उत्तरं लहान पेट्रोल कार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. दुचाकीचं आणि सीएनजीचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. इथला एखादा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलशी जुळला नाही, तर मॅन्युअलचा आकडा धरा.

मिसिंग म्हणजे इंजिनात नेमकं काय होतं?

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. ही ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग, आणि त्यासाठी लागणारं व्होल्टेज तयार करते ती कॉइल. इंजिन ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्यांवर) असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला २५. त्यातली एखादी पडलीच नाही, किंवा पडूनही मिश्रण पेटलं नाही, की त्या वेळेपुरता तो सिलिंडर बाकीच्यांच्या गळ्यात पडतो. हे अधूनमधून झालं तर गाडी गचके देते. कायम झालं तर न्यूट्रलमध्ये उभी असतानाही स्टिअरिंग थरथरतं, पिकअप जातो आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

आता आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत. चारातला एक गेला तर गाडी कशीबशी ओढते, पण तिनातला एक गेला की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला, त्यामुळे या गाड्यांत मिसिंग लगेच जाणवतं. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं जास्त थरथरतं हेही खरं. नवीन गाडी घेतलेल्यांनी त्या थरथरीला मिसिंग समजू नये. मिसिंगची थरथर एकसारखी नसते, ती अडखळत येते.

गचके येतात म्हणजे प्लगच गेला असं समजायचं का?

नाही. इंजिनाचं माउंटिंग खराब झालं तरी गाडी थरथरते, पण रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज स्वच्छ येतो. क्लच थरथरत असेल तर ते फक्त गाडी उचलताना जाणवतं. मिसिंग ओळखायचं असेल तर गाडीला ओझ्याखाली घाला. बोरघाटात किंवा कात्रजच्या चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाट रस्त्यावर मुकाट चालणारी अशक्त कॉइल तिथे उघडी पडते.

चेक इंजिनचा दिवा लागला आहे. तशीच गावाला नेली तर चालेल?

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय, ते आधी पाहा. स्थिर असेल तर घाईने गाडी उभी करायची गरज नाही, पण लवकर दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं वाढलेलं आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) धोका आहे, असं गाडीच सांगतेय. वेग कमी करा, ॲक्सिलरेटर दाबू नका, आणि जवळच्या गॅरेजपर्यंतच न्या किंवा टोइंग बोलवा.

कारण साधं आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या दिशेने जातं आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतलं तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की सिरॅमिकची जाळी वितळू लागते. पाचशे-हजारांच्या प्लगसाठी टाळाटाळ केली आणि कन्व्हर्टरचं बिल आलं, असे मालक दर वर्षी भेटतात. शिवाय पेट्रोलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो आणि ऑइल पातळ होतं. मिसिंग बरेच दिवस चाललं असेल तर दुरुस्तीबरोबर ऑइलही बदलून घ्या.

प्लग खराब आहे की कॉइल, हे पैसे घालण्याआधी कसं कळेल?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं नेहमीचं चित्र असं: आधी प्लग बदलले, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) साफ केले, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, मग सेन्सर बदलला, आणि गचके जसेच्या तसे. कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय हे मात्र मध्ये कुणी पाहिलेलंच नसतं.

आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावा. २०१३ नंतरच्या चारचाकीत मिसिंग मोजायची सोय असते. क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, दिसतं की फेरीच्या अमुक टप्प्यावर क्रँकचा वेग किंचित पडला. त्या टप्प्यावर कोणत्या सिलिंडरने ढकलायचं होतं, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो सिलिंडरचा नंबरही सांगतो. कोड पी०३०१ असेल तर एक नंबर, पी०३०२ असेल तर दोन, पुढे तसंच. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, ते इकडून तिकडे फिरतंय. अशा वेळी एखाद्या कॉइलवर संशय घेण्याआधी सगळे प्लग, हवेची गळती आणि पेट्रोलचा दाब पाहावा.

समजा कोड पी०३०३ आला आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन बंद करा. तीन नंबरची कॉइल दोन नंबरवर आणि दोनची तीनवर लावा. प्लगना अजून हात लावू नका. कोड पुसा, गाडी तशाच चढावर चालवून आणा आणि पुन्हा वाचा. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची तशीच अदलाबदल करा. प्लगबरोबरही कोड हलला नाही, तर दोष इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबात) आहे आणि कॉइलचे पैसे वाचले. या सगळ्याला एक पाना आणि थोडा वेळ लागतो. सिलिंडरचे नंबर बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूने सुरू होतात, पण मॅन्युअलमध्ये खात्री करा.

दोन कॉइलवर चार सिलिंडर चालवणाऱ्या जुन्या गाड्यांत एक कॉइल एक-चारला आणि दुसरी दोन-तीनला ठिणगी देते. तिथे एक आणि चार दोन्ही नंबर एकदम आले, की त्यांची सामाईक कॉइल पहिली संशयित.

पी०३५१, पी०३५२ असे कोड येतात ते वेगळे का?

हो. ते कॉइलच्या सर्किटबद्दल आहेत. कॉइलच गेलेली असू शकते, पण कनेक्टर सैल असणं, पिन गंजणं, वायर तुटणं हेही तितकंच शक्य असतं. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांची वायर उंदीर कुरतडतात हे सोसायटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. नवी कॉइल आणण्याआधी कनेक्टर काढून आत डोकावा.

मल्टिमीटरने कॉइल तपासता येते का?

जुन्या साध्या कॉइलमध्ये येते. प्रायमरी गुंडाळीचा रोध साधारण अर्धा ते दोन ओहम आणि सेकंडरीचा हजारांत येतो. हल्लीच्या बऱ्याच कॉइलमध्ये इग्नायटरचं सर्किट आतच असतं, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यातून काही निष्पन्न होत नाही. आणि आकडा बरोबर आला तरी कॉइल चांगली असेलच असं नाही. इन्सुलेशनची चीर मीटरच्या लहानशा बॅटरीवर दिसत नाही, वीस-तीस हजार व्होल्ट तयार झाले की तिथून ठिणगी निसटते. काही कॉइल गार असताना ठणठणीत असतात आणि अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापल्यावर दगा देतात. म्हणून माझा भरवसा मीटरपेक्षा अदलाबदलीवर जास्त आहे.

चालू इंजिनात एकेक वायर काढून बघतात, ते करू का?

मारुती ८०० च्या डिस्ट्रिब्यूटरच्या जमान्यात हे सर्रास चालायचं. आता करू नका. व्होल्टेज जबरदस्त असतं आणि झटका बसतो तो बसतोच. त्यात ठिणगीला जायला जागा न मिळाल्याने कॉइलचं इन्सुलेशन किंवा ईसीयूमधलं कॉइल चालवणारं सर्किट जळू शकतं. प्लग बाहेर काढून हेडला (सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणाला) टेकवून स्टार्टर मारण्याचा प्रकारही तसाच. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि शेजारीच तुम्ही ठिणगी पाडत असता.

प्लग बाहेर काढल्यावर काय पाहायचं?

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा, नाहीतर अर्धी माहिती हातची गेली. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरमध्ये सगळं ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, किंवा गाडी सतत जवळच्या जवळ फिरते आणि प्लगला तापून स्वच्छ व्हायला वेळच मिळत नाही. ओला, तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर येतंय. तिथे नवीन प्लग काही दिवस बरा चालेल आणि पुन्हा तसाच होईल. पेट्रोलने भिजलेला प्लग म्हणजे इंजेक्टर काम करतोय, पण जळत नाहीये. पांढरंफटक टोक आणि त्यावर वितळलेले बारीक मणी दिसले तर प्लग फार तापलाय. मिश्रण पातळ, टायमिंग पुढे, चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता हवी त्या वेगाने न सोडणारा) प्लग किंवा सैल बसवलेला प्लग, यांपैकी काहीतरी असेल.

आता वरचा भाग पाहा. पांढऱ्या पोर्सिलेनवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकाला न जाता बाहेरून घसरून हेडला जात होती. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बुटाच्या (प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीच्या) आतल्या बाजूला उमटलेली असते. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही. त्या बुटातली कार्बनची वाट नव्या प्लगलाही तेच करायला लावते. बूट सुटा मिळत असेल तर तो बदला, नसेल तर कॉइल बदला.

पोर्सिलेन जिथे धातूत शिरतं तिथे तपकिरी कडं दिसतं, त्याला मात्र घाबरू नका. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात. सिलिंडरमधला जळता गॅस गळतोय म्हणून असे प्लग फेकणारे मिस्त्री आहेत, पण ते कडं निरुपद्रवी असतं.

प्लगच्या खड्ड्यातच ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग ट्यूबचं सील गेलंय. ते ऑइल रबरी बूट फुगवतं आणि कॉइल खाऊन टाकतं. पॅकिंग न बदलता नवी कॉइल बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, किंवा इथे तरी तेलात.

एक कॉइल गेली, तर सगळ्या बदलायच्या का? आणि प्लग?

प्लग सगळे एकदम बदला. ते एकाच वेळी बसले, एकाच वाटेने झिजले. कॉइलच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. चाचणीत जी खराब निघाली तेवढीच बदला. बाकीच्या ठीक असतील तर त्या आणखी कित्येक वर्षं चालू शकतात. अपवाद दोन. गाडीचं रनिंग खूप झालेलं आहे आणि मागोमाग दुसरी कॉइलही गेली, तर संच बदलणं परवडतं. किंवा इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय कॉइलपर्यंत हात पोचत नसेल, तर मजुरी पुन्हा पुन्हा द्यावी लागू नये म्हणून.

कॉइल बदलताना प्लग जुनेच ठेवणं ही मात्र खोटी काटकसर आहे. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टमधून वीस ते चाळीस हजार व्होल्ट उभे करते, आणि नेमके किती उभे करायचे ते प्लगचा गॅप (टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट) ठरवतो. झिजून गॅप वाढला की प्रत्येक ठिणगीला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो, ती तापते आणि एक दिवस इन्सुलेशन फुटतं. बऱ्याच कॉइल झिजलेल्या प्लगनेच मारलेल्या असतात. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवली तर तिच्याही नशिबी तेच.

प्लग किती किलोमीटरला बदलायचे?

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियम किंवा प्लॅटिनमचे १ लाखाच्या आसपास. सर्व्हिस बुकात तुमच्या गाडीचा आकडा असतोच. गाडी पुण्याच्या वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या रांगेत तासन् तास उभी राहत असेल तर ओडोमीटर कमी दाखवतो आणि ठिणग्या मात्र पडतच असतात, हे ध्यानात धरून थोडे आधी बदला.

इरिडियम टाकले तर पिकअप वाढेल?

वाढणार नाही. टोक बारीक असल्याने ठिणगी कमी व्होल्टेजला पडते, प्लग जास्त टिकतो, थंडीत स्टार्ट थोडा सुधारू शकतो. झिजलेले प्लग काढून इरिडियम टाकले की गाडी उडायला लागली असं वाटतं, पण नवे निकेलचे टाकले असते तरी तसंच वाटलं असतं. कंपनीने इरिडियम दिला असेल तर इरिडियमच टाका. निकेल दिला असेल आणि प्लग काढणं सोपं असेल, तर मी निकेलच टाकतो.

प्लगवरच्या नंबरचा अर्थ काय? दुसऱ्या कंपनीचा चालेल?

एनजीकेचा बीपीआर६ईएस-११ घ्या. यात बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. यातला आर फार महत्त्वाचा आहे. रेझिस्टर नसलेला प्लग बसवला तर ठिणगीचा विद्युत गोंगाट रेडिओत खरखर करतो आणि ईसीयूलाही गोंधळात टाकतो. आटे जास्त लांब निघाले तर पिस्टन प्लगवर आदळू शकतो.

दुसऱ्या कंपनीचा चालतो, पण हीट रेंजच्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा मोठा तितका गरम. जुने लोक अजूनही ज्याला मायकोचा प्लग म्हणतात तो हाच बॉशचा. त्या त्या कंपनीच्या तक्त्यात गाडीचं नाव आणि इंजिन पाहूनच घ्या.

गॅप सेट करावा लागतो का?

निकेलच्या प्लगला फीलर गेज लावून पाहावा, खोक्यात पडून गॅप दबलेला असू शकतो. लहान गाड्यांत तो बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, टर्बोमध्ये कमी. फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवा, मधल्याला जोर देऊ नका. इरिडियमला गेज न लावणंच बरं, सुईसारखं टोक मोडतं.

गाडी पेट्रोलवर ठीक चालते आणि सीएनजीवर गचके देते. का?

मुंबई-पुण्यातल्या टूर गाड्यांचा हा रोजचा प्रश्न. सीएनजी आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर जेमतेम निभावून नेणारा प्लग किंवा कॉइल सीएनजीवर नापास होते. त्यामुळे सीएनजीवरचे गचके ही बऱ्याचदा पुढे पेट्रोलवरही येणाऱ्या मिसिंगची आगाऊ सूचना असते. सीएनजी गाडीत प्लगचा बदल लवकर धरावा. गॅप कंपनीने दिलेल्या मर्यादेत खालच्या बाजूला ठेवला तर कॉइलवरचा ताणही कमी होतो.

प्लग-कॉइल नीट असूनही गचके फक्त सीएनजीवरच येत असतील, तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब आणि गॅसचे इंजेक्टर पाहा. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ट्युनिंगही तपासा.

याच्या उलटही होतं. गॅसवर मस्त आणि पेट्रोलवर अडखळते. अशा गाडीचा मालक महिनोन्महिने पेट्रोलवर चालवतच नाही. टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, त्यातलं इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात. तिथे कॉइल बदलून काहीही होणार नाही. आठवड्यातून काही किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवायची सवय ठेवा आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका.

पावसाळ्यातच मिसिंग का येतं?

चिरलेला रबरी बूट उन्हाळ्यात कसाबसा ठिणगी आत ठेवतो. ओल आली की तिला बाहेरून जायला वाट मिळते. कोकणात सकाळी पहिल्या स्टार्टला गचके आणि इंजिन तापल्यावर गायब, हे त्याचंच लक्षण. काही इंजिनांत बॉनेटच्या कडेतून ठिबकणारं पाणी थेट प्लगच्या खड्ड्यात उतरतं. वॉशिंग सेंटरमध्ये इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलं तर पावसाचीही वाट पाहावी लागत नाही. इंजिन रूम ओल्या फडक्याने पुसून घ्या, पाइप लावू देऊ नका. पाणी गेलंच असेल तर कॉइल उपसून खड्डा कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडा करा आणि बूट आतून पुसा. पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं.

हे काम घरी करता येईल का?

कॉइल समोर दिसत असतील आणि हात जात असेल तर नक्की. १० मिलिमीटरची गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, आत रबर किंवा चुंबक असलेला १६ मिलिमीटरचा प्लग पाना आणि जमलं तर टॉर्क रेंच. काही इंजिनांना २१ किंवा १४ मिलिमीटरचा पाना लागतो.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे ओरबाडले जातात. रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघडणं सगळ्यात बरं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कनेक्टरचं कुलूप उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, ते अंगठ्याने पूर्ण दाबल्याशिवाय ओढू नका, वायरला धरून तर मुळीच नाही. बोल्ट काढून कॉइल आधी थोडी डावी-उजवी फिरवा, रबर सुटलं की सरळ वर उचला.

प्लग सैल करण्याआधी खड्ड्यात हवा मारा. तिथली वाळू आणि धूळ प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढा आणि लगेच नवा बसवा, म्हणजे उघडं भोक कमी वेळ राहील. नवा प्लग पान्याच्या गोटीत धरून, हँडल न लावता, नुसत्या बोटांनी फिरवा. तळाला बसेपर्यंत तो बोटांनीच फिरला पाहिजे. मध्येच अडला तर आटे वाकडे लागलेत. मागे घ्या, पुन्हा लावा. या टप्प्यावर ताकद लावणाऱ्यांमुळेच लेथवाल्यांचं चालतं.

शेवटी कॉइल दाबून बसवा, बोल्ट हलका आवळा, कनेक्टरचा टिक असा आवाज ऐका.

टॉर्क रेंच नसेल तर किती आवळायचं?

वॉशर असलेला नवा प्लग बोटांनी तळाला टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. त्यात वॉशर चेपतो, तसं हाताला जाणवतं. तोच प्लग काढून पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, म्हणून फक्त बारावा हिस्सा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा हिस्सा पुरतो. टॉर्क रेंच असेल तर वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्यांसाठी २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ साठी १५ ते २०, १० साठी १० ते १२.

सैल राहिलेला प्लगही घातक असतो. त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो तापून वितळतो.

आट्यांना ग्रीस लावू का?

नको. चांगल्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो. वर ग्रीस लागलं की पान्यावर तेवढाच जोर लावूनही प्लग जास्त आवळला जातो. डायइलेक्ट्रिक ग्रीस मात्र रबरी बुटाच्या तोंडाशी आतून किंचित लावावं, पुढच्या वेळी कॉइल सहज निघते.

प्लग अडकलाय, निघत नाही.

जोर वाढवू नका. भेदक तेल सोडा, काही तास थांबा, पाव फेरा सैल करून पुन्हा थोडा आत घ्या आणि पुन्हा सैल करा. करकर आवाज येत असेल तर थांबून आणखी तेल. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) किंवा बुश बसवून दुरुस्ती होते, प्रत्येक वेळी हेड बदलावं लागत नाही. हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या.

पॉलिश पेपरने घासून जुना प्लग चालवता येतो का?

रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरता. घासलेल्या पोर्सिलेनवर काजळी लवकर धरते आणि इरिडियमचं टोक तर घासण्यातच जातं.

नकली प्लग कसा ओळखावा?

छपाई पुसट, आटे खरखरीत, मधला इलेक्ट्रोड बाजूला सरकलेला आणि भाव संशय यावा इतका कमी. पण हल्ली खोकी इतकी हुबेहूब निघतात की नजरेवर भिस्त ठेवू नये. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांतून घ्या नाहीतर ऑनलाइन, विक्रेता अधिकृत असावा आणि बिल पक्कं असावं. कॉइलच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. बिननावाची स्वस्त कॉइल पहिल्या घाटापर्यंत चांगली चालते.

पल्सरला दोन प्लग आहेत. एकच बदलला तर?

बजाजच्या डीटीएस-आय पल्सरला एकाच सिलिंडरवर दोन प्लग आहेत, २०० एनएसला तर तीन. एक मेला तरी गाडी चालत राहते, फक्त पिकअप आणि अ‍ॅव्हरेज उतरतं, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. सगळे एकदम बदला. होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनातही चार सिलिंडरना आठ प्लग होते. पुढचे चार हाताशी, मागचे चार अडचणीत. अशी जुनी गाडी घेत असाल तर मागचे प्लग शेवटचे कधी निघाले होते ते विचारा. दुचाकीत प्लगची कॅप आणि एचटी वायरही (कॉइलपासून प्लगपर्यंतची उच्च व्होल्टेजची वायर) तपासा, मिसिंग तिथेच सापडण्याची शक्यता चांगली असते.

सगळं बदललं, तरी मिसिंग आहे.

मग ठिणगी सोडून बाकीकडे वळा. इनटेकच्या रबरी पाइपला चीर असेल तर फक्त न्यूट्रलमध्ये गचके येतात आणि रेस दिल्यावर कमी होतात. एकाच सिलिंडरचं मिसिंग हटत नसेल तर कॉम्प्रेशन मोजा. सीएनजीवर खूप फिरलेल्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजून टॅपेटची फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि तिथे जगातली कोणतीही कॉइल उपयोगाची नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे धक्के क्रँकपर्यंत पोचून ईसीयूलाही फसवू शकतात, म्हणून कोड एकदाच आला आणि गाडी नीट चालत असेल तर तो पुसून चांगल्या रस्त्यावर पुन्हा पाहा.

डिझेल गाडीला हे लागू आहे का?

नाही. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. तिथले ग्लो प्लग फक्त गार इंजिन स्टार्ट करायला मदत करतात.

काम झाल्यावर दिवा आपोआप जाईल?

दोष गेला असेल तर गाडी काही वेळा चालवून आणल्यावर जातो, पण स्कॅनरने कोड पुसून घेणं चांगलं, म्हणजे नवा कोड आला तर तो नवाच आहे हे कळतं. पुसण्याआधी जुन्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मिसिंग गेल्यावर काही दिवसांनी पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासायला सांगा आणि मिसिंग किती दिवस चाललं होतं तेही मेकॅनिकला सांगा.